न वाचलेल्या कादंबरीचा सत्कार

कादंबरीकार आपल्या गावात येतो तेव्हा मंचावर सगळं असतं, फक्त त्याची कादंबरी नसते. समई असते, सरस्वतीची तसबीर असते, लेखकापेक्षा प्रायोजकाचा चेहरा मोठा असलेला फ्लेक्स असतो. शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह टेबलावर मांडून ठेवलेलं असतं. ज्या पुस्तकामुळे हा माणूस बोलावण्याजोगा झाला, ते पुस्तक मात्र ना टेबलावर, ना मुलाखतकाराच्या हातात, ना पहिल्या रांगेतल्या कुणाच्या पिशवीत.

मी सानपाड्यात राहतो. इथे ऐकणाऱ्यांची वानवा नाही. हार्बरची गर्दी अंगावर घेऊन आलेली माणसं घरी पाय धुऊन, चहा टाकून संध्याकाळी खुर्चीत येऊन बसतात. ज्येष्ठ नागरिक संघातली मंडळी तर वेळेच्या आधीच हजर. वाशीचं साहित्य मंदिर आणि विष्णुदास भावे नाट्यगृह हाकेच्या अंतरावर, तिथेही सानपाडकर दिसतात. माणसं येतात, शांत बसतात, टाळ्याही मनापासून वाजवतात. माझा राग त्यांच्यावर नाही. राग आहे तो त्यांची संध्याकाळ वाया घालवणाऱ्या आयोजकांवर आणि हात हलवत येणाऱ्या मुलाखतकारांवर.

आपल्याकडे नमनालाच घडाभर तेल जातं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग आजी, माजी आणि होऊ घातलेल्या लोकप्रतिनिधींचे दोन शब्द. हे दोन शब्द वीस मिनिटं चालतात. लेखकाच्या हाती माइक येईतो लोक घड्याळ पाहू लागलेले असतात, आणि तो जरा रंगात येतो तोच मागून चिठ्ठी येते: वेळेअभावी आटोपतं घ्यावं. ज्याच्यासाठी सभा भरवली त्यालाच आटोपतं घ्यायला सांगायचं, हा अपमान आहे. खांद्यावर शाल आहे म्हणून तो कमी होत नाही.

आता प्रश्न पाहा. लेखनाची प्रेरणा कुठून मिळाली? घरचे संस्कार कसे होते? तरुणांना काय संदेश द्याल? मराठीचं भवितव्य काय? हे प्रश्न क्रिकेटपटूला विचारता येतात, जिल्हाधिकाऱ्यांना विचारता येतात, कीर्तनकारांनाही विचारता येतात. जो प्रश्न कुणालाही विचारता येतो, तो समोरच्या माणसाला विचारलेलाच नसतो. त्यामुळे कादंबरीकार नांदेडला दिलेलं उत्तर सानपाड्यात देतो, सानपाड्यात दिलेलं सोलापुरात. त्यात त्याची चूक नाही. तेच विचारल्यावर तो तरी नवं काय सांगणार?

मुलाखतकाराने पुस्तक वाचलं असेल तर काय घडू शकतं, हे भालचंद्र नेमाड्यांकडे पाहून कळतं. 1963 साली, पंचविशीत, त्यांनी ‘कोसला’ दिली. मग सत्तरच्या दशकात ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि 1979 मध्ये ‘झूल’. त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’, ती आली 2010 साली. मधे एकतीस वर्षं आहेत. या काळात त्यांना साहित्य अकादमी मिळाली ती 1991 मध्ये, तीही कादंबरीला नाही, ‘टीकास्वयंवर’ला. 2014 चं ज्ञानपीठ त्यांच्या नावावर आहे हे प्रत्येक निवेदक सांगतो. पण ज्याने या पुस्तकांच्या तारखा नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या, त्याच्या डोक्यात पहिला प्रश्न येणारच: या एकतीस वर्षांत तुम्ही काय काय लिहून फाडलंत? पांडुरंग सांगवीकर, चांगदेव पाटील आणि खंडेराव, तिघेही एकाच हातातून उतरले. त्यांतला राग कुठे निवला, कुठे वाढला? कोणत्या वयात तुम्हाला तुमच्याच नायकाचं म्हणणं पटेनासं झालं? यातल्या एका प्रश्नावर तासभर निघेल, आणि त्या तासात श्रोत्यांना जे मिळेल ते कुठल्याही परिचयपत्रात नसेल.

‘हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?’ असा नेमाड्यांचा एक लेख आहे. त्याचं शीर्षक प्रत्येक साहित्यिक मंडळाच्या कार्यालयात लावून ठेवावं. लेखकराव घडतो तो आपल्याच सभागृहांत. तीन तास आरती केली की चौथ्या तासाला कुणालाही आपण देव आहोत असं वाटू लागतं. नेमाड्यांनी साहित्य संमेलनांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हटलं तेव्हा बरीच मंडळी दुखावली. मला त्यांचं निम्मं पटतं. मंचावर जे चालतं त्याबद्दल ते बरोबर होते. खुर्च्यांत बसलेल्यांबद्दल मी ते मान्य करणार नाही. दिवसभर बाजारात आणि कचेरीत राबून, दोन गाड्या बदलून लेखकाला ऐकायला येणारा माणूस रिकामटेकडा नसतो. त्याला रिकाम्या हाती परत पाठवणारे दोषी असतात.

यावर आयोजक म्हणतील, फार तर एक संध्याकाळ फुकट गेली, एवढं काय बिघडलं? बरंच बिघडलं आहे. न वाचता सत्कार करायची सवय लागली की न वाचता हाकलायचीही सवय लागते. दोन्ही एकाच मुळाची फळं आहेत. उगाच ताणून बोलत नाही, आपल्या अखिल भारतीय संमेलनाच्या मंचावर दहा वर्षांच्या अंतराने हे दोनदा घडलं आहे.

पहिली वेळ महाबळेश्वरची, मार्च 2009. 82व्या संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष होते आनंद यादव. कागलच्या कष्टकरी घरातला मुलगा, बापाचा शाळेला विरोध असताना शिकला, आणि त्या शिकण्याची झुंज त्याने ‘झोंबी’त लिहिली. 1990 चं साहित्य अकादमी त्या पुस्तकाला मिळालं. अध्यक्षपदापर्यंत हा मुलगा पोचला, तो दिवस खरं तर मराठी शाळांनी साजरा करायचा. पण त्यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीतल्या तरुण तुकोबांच्या चित्रणावर वारकरी संघटनांनी आक्षेप घेतला. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, तरी विरोध थांबेना. शेवटी त्यांनी राजीनामा दिला आणि संमेलन अध्यक्षाविना पार पडलं.

तुकोबांवर जीव असलेल्या माणसाला एखादं पान वाचून वेदना झाली असेल, तर ती वेदना मी खोटी म्हणणार नाही. माझ्याही घरात गाथा आहे. पण त्यासाठीच तर मंच असतो. यादवांना समोर बसवायचं, पान उघडायचं आणि विचारायचं: हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत? अभंगात हे कुठे दिसतं? कादंबरीकार म्हणून इथे तुम्ही काय जोडलंत आणि का? यादवांना उत्तर देता आलं नसतं तर सगळ्या महाराष्ट्राला दिसलं असतं. देता आलं असतं तर तेही दिसलं असतं. एवढी मोठी, एवढी गरजेची मुलाखत आपल्या हातात आली होती. आपण ती होऊ दिली नाही.

पुढचं अधिक बोचणारं आहे. 1 जानेवारी 2010 रोजी, म्हणजे संमेलनाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, ‘नटरंग’ चित्रपट आला. महाराष्ट्र त्यावर तुटून पडला. गावोगावच्या मिरवणुकांत त्याची गाणी वाजली. ती गोष्ट याच आनंद यादवांच्या कादंबरीतली. ज्याला अध्यक्षाच्या खुर्चीत बसू दिलं नाही, त्याच्याच गुणा कागलकरासाठी आपण शिट्ट्या वाजवत होतो. यादव 2016 मध्ये गेले. त्या खुर्चीबद्दल त्यांच्याशी मोकळेपणाने बोलायला मराठी साहित्यसंस्थांकडे सात वर्षं होती.

दुसरी वेळ यवतमाळची, जानेवारी 2019. 92व्या संमेलनाच्या उद्घाटनाला कादंबरीकार नयनतारा सहगल यांना बोलावलं. इंग्रजीत लिहिणारी बाई मराठीच्या मंचावर कशाला, अशी हरकत निघाली, कार्यक्रम उधळायची भाषा झाली, आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतलं. एक्क्याण्णव वर्षांच्या लेखिकेला घरी बोलावून दारातून परत पाठवणं हे कुठल्या मराठी रीतीत बसतं? आणि ज्यांना त्या परक्या वाटल्या त्यांनी एवढंही पाहिलं नव्हतं की त्यांचे वडील रणजित पंडित हे मराठी घरातले, संस्कृत पंडित, कल्हणाची ‘राजतरंगिणी’ इंग्रजीत नेणारे, तुरुंगवासाने तब्येत ढासळून 1944 मध्ये गेलेले. सहगल यांनी न झालेल्या भाषणात आपल्या या मराठी मुळांबद्दलही लिहिलं होतं. ते भाषण मराठीत आलं, मोबाइलवर फिरलं, लोकांनी मोठ्याने वाचून दाखवलं. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. अनेक निमंत्रित लेखक गेले नाहीत. उद्घाटनाला काही स्त्रिया सहगल यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या, आणि उद्घाटन झालं ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हातून. त्या मुखवटे लावलेल्या बायकांचा मला अभिमान वाटतो. मराठी संमेलनाची लाज त्या दिवशी त्यांनी राखली.

हरकत घेणाऱ्यांतल्या किती जणांनी सहगल यांची एक तरी कादंबरी वाचली होती, हा प्रश्न मी त्यांना विचारायचा तर तोच बोलावणाऱ्यांनाही विचारायला हवा. त्यांनी ती वाचली असती, तिच्यावर चार सभा घेतल्या असत्या, तर पहिल्या धमकीला पाय लटपटले नसते. वाचलेल्या पुस्तकासाठी माणूस भांडतो. फ्लेक्सवरच्या नावासाठी कोण भांडणार?

लेखिका मंचावर असली की आपली अडाणी बाजू आणखी उघडी पडते. घर सांभाळून लिहिता कशा? मिस्टरांचा पाठिंबा आहे ना? हे प्रश्न मी 21व्या शतकात, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. मालतीबाई बेडेकरांनी ‘विभावरी शिरूरकर’ हे नाव घेऊन 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ छापलं, पुढच्या वर्षी ‘हिंदोळ्यावर’ कादंबरी. पुस्तकात काय आहे यापेक्षा ही बाई कोण याचाच शोध जास्त जोरात झाला. त्याच मालतीबाईंनी सोलापूरच्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत काम केलं, तिथलं तारेच्या कुंपणामागचं जगणं पाहिलं आणि 1950 मध्ये ‘बळी’ लिहिली. एखादी बाई नोकरीच्या निमित्ताने तारेच्या आत जाते आणि बाहेर येऊन कादंबरी लिहिते, यावर विचारण्यासारखं किती आहे! तिथली माणसं तुमच्याशी काय बोलत? अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसून त्यांच्या बाजूने लिहिताना काय वाटलं? 1981 मध्ये मुंबईत समांतर संमेलन झालं तेव्हा अध्यक्ष म्हणून लोकांनी त्यांनाच बसवलं, म्हणजे उशिरा का होईना, मंच मिळाला. आजच्या लेखिकेला तो मिळतो, पण प्रश्न अजून स्वयंपाकघरातच अडकलेले. कविता महाजनांनी ‘ब्र’मध्ये गावच्या पंचायतीतल्या बायकांचं राजकारण लिहिलं, ‘भिन्न’मध्ये एचआयव्हीने ग्रासलेल्यांचं जगणं. अशा बाईला विचारायला हवं होतं ते तिच्या फिरण्याबद्दल, टिपणांबद्दल, ऐकलेल्या आवाजांबद्दल. पोळ्या कोण करतं याच्याशी श्रोत्यांचा काही संबंध नाही.

आणि पैसा. यावर मंचावर कुणी बोलत नाही, म्हणून इथे बोलतो.

मांडववाल्याला त्याच रात्री पैसे मिळतात. साउंडवाला आगाऊ घेतो. फ्लेक्स छापणारा उधारी ठेवत नाही. हॉलचं भाडं, पुष्पगुच्छ, अल्पोपाहार, सगळं रोख. फुकट येतो तो फक्त कादंबरीकार. त्याला विचारलं जातं, सर, मानधनाचं काही नाही, पण येण्याजाण्याची सोय करू. कष्टाच्या मोबदल्याचा कायदा 1969 साली माथाडींनी मिळवला. सातारा-सांगलीकडून आलेली, बाजारात पाठीवर पोती वाहिलेली ती कुटुंबं आज आमच्या आसपासच्याच वसाहतींत राहतात. हमालाच्या घामाला दाम मिळाला पाहिजे हे ज्या गावाला कुणी शिकवावं लागत नाही, तिथे लेखकाच्या घामाला नारळ दिला जातो, हे मला सहन होत नाही.

हिशोबच करू. समजा, कादंबरीची किंमत 400 रुपये. लेखकाला दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे 40. आवृत्ती 500 प्रतींची, सगळी संपली, पैसे वेळेवर आले, तर हाती 20,000. लिहायला चार वर्षं लागली असतील तर वर्षाचे 5,000, महिन्याचे चारशे आणि काही रुपये. सानपाड्यात मुलांच्या शिकवणीचीसुद्धा फी यापेक्षा जास्त असते. एवढ्यावर मराठी कादंबरी लिहिली जाते. म्हणून आपले कादंबरीकार शाळेत शिकवतात, महाविद्यालयात शिकवतात, सरकारी नोकरी करतात आणि पहाटे लिहितात.

अण्णा भाऊ साठ्यांना पहाटेची ती सोयही नव्हती. शाळेत जेमतेम दीड दिवस गेलेला हा माणूस घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहिला आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहून गेला. 1959 ची ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांना अर्पण केली. 1958 साली मुंबईतल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी उद्घाटनाचं भाषण केलं. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नाही, दलित-कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, हा विचार त्यांनी तिथे मांडला, आणि तो आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या मंचावर कादंबरीकाराने शालीची वाट पाहिली नाही, जगाकडे बघायची दृष्टी देऊन गेला. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले, आणि 1969 मध्ये ते हलाखीत गेले. 2022 मध्ये त्यांचा पुतळा मॉस्कोत उभा राहिला. पुतळ्याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्या हयातीत त्यांच्या पुस्तकांचे पैसे कुणाकुणाच्या खिशात गेले, यावर एखाद्या साहित्यसंस्थेने परिसंवाद घ्यावा. मी पहिल्या रांगेत येऊन बसेन.

आता सानपाड्याकडे. या गावाला कादंबरीकाराला विचारण्यासारखं जेवढं आहे तेवढं पुण्याच्या पेठांनाही नसेल. 1970 मध्ये सिडको आली. ठाणे आणि रायगडमधल्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर नवं शहर आखलं गेलं, त्यातलं सानपाडा एक. शेत गेलं, मिठागरं गेली, खाडीवरचं पोट गेलं. सेक्टर आले, आकडे आले. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरण तालुक्यात रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या रक्तातून जमीन गेलेल्यांना विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्क्यांची योजना आली. आजही गावठाणातलं घर नियमित की अनियमित, या प्रश्नावर इथली घरं रात्र रात्र जागतात. ज्या टॉवरमध्ये मी राहतो त्याच्या खाली कुणाचं तरी शेत होतं. ते घर घेताना मी ते शेत कुणाचं होतं हे विचारलं नाही, माझ्या शेजाऱ्यांपैकीही कुणी विचारलं नसावं. असे प्रश्न विचारायला कादंबरी शिकवते.

अशा गावात विश्वास पाटील आले तर त्यांना ‘पानिपत’चंच विचारायचं? 1988 पासून त्यांना भाऊसाहेब आणि विश्वासरावांबद्दल विचारून झालं आहे. 1992 चं साहित्य अकादमी त्यांना मिळालं ते ‘झाडाझडती’साठी, आणि ती धरणाने उठवलेल्या माणसांची कादंबरी आहे. 2026 च्या जानेवारीत साताऱ्यात 99व्या संमेलनाचे ते अध्यक्ष होते, म्हणजे त्यांचं म्हणणं सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं. ते महसुली अधिकारी होते. सरकारी कागद कसा बोलतो आणि कशाबद्दल गप्प राहतो, हे त्यांना आतून माहीत आहे. सानपाड्याच्या एखाद्या प्रकल्पग्रस्ताने उभं राहून त्यांना विचारावं: साहेब, तुम्ही नोटिशीवर सही करणाऱ्यांच्या बाजूला बसलात आणि नोटीस घेणाऱ्यांची गोष्ट लिहिलीत. लिहिताना कुठे हात अडखळला? आमची मोबदल्याची फाइल तुमच्या टेबलावर आली असती तर तुम्ही काय केलं असतंत? हे प्रश्न कठोर आहेत. पाटलांसारख्या लेखकाला ते पेलतील, आणि हेच प्रश्न विचारण्याचा हक्क या गावाला आहे.

आणि माझी पहिली पसंती विचाराल तर कृष्णात खोत. कोल्हापूर जिल्ह्यातले, शिक्षकी पेशातले. त्यांच्या ‘रिंगाण’ला 2023 चं साहित्य अकादमी मिळालं. तीही उठवलेल्या माणसांचीच, पण तिचा डोळा निराळा. नव्या जागी आलेला माणूस मागे राहिलेल्या म्हशीला आणायला जुन्या रानात परत जातो, तर ती म्हैस आता रानाची झालेली. माणसांनी सोडलेलं जनावर माणसाला ओळखायला नकार देतं. पुनर्वसनावर शेकडो अहवाल निघाले असतील, जनावराच्या बाजूने हा हिशोब मांडणारा अहवाल माझ्या पाहण्यात नाही. आणि त्यांच्या पहिल्या कादंबरीचं नाव ‘गावठाण’. हे नाव ऐकून सानपाडा गावातल्या घरात कुणीतरी चटकन मान वर करेल. त्याच माणसाला पहिल्या रांगेत बसवा.

तयारी फार लागत नाही. महिनाभर आधी ‘रिंगाण’च्या दहा प्रती विकत घ्या, एका मोठ्या फ्लेक्सच्या आणि चार पुष्पगुच्छांच्या पैशांत त्या सहज येतात. दोन वाचनालयात ठेवा, दोन गावातल्या तरुण मंडळाला द्या, दोन ज्येष्ठ नागरिक संघाला, उरलेल्या ज्याला खरंच वाचायच्या आहेत त्याला. पावती मागू नका, फक्त अट घाला की वाचून झाल्यावर दुसऱ्याच्या हातात द्यायची. ज्या आजींना वाचता येत नाही त्यांना नातीने चार पानं रोज वाचून दाखवावीत. त्या आजींनी खाडी पाहिली आहे, भात लावलं आहे, त्या सभेत आगरी बोलीत उभ्या राहिल्या तर कादंबरीकार वही काढेल. तिथे भाषांतरकाराची गरज पडणार नाही, कोल्हापूरकडच्या माणसाला आगरी कानाला नवी लागेल, पण गेलेल्या जमिनीचं बोलणं कळेल.

मंचावर दोनच खुर्च्या ठेवा. राजकीय पाहुण्यांनी यावं, जरूर यावं, आणि श्रोत्यांत बसून ऐकावं. गावठाणाचा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांनी तासभर एका शिक्षकाचं म्हणणं ऐकलं तर बिघडत नाही. स्वागत दोन वाक्यांत उरका. मानधन पाकिटात घालून कार्यक्रमाआधी द्या, म्हणजे लेखकाला ते मागावं लागणार नाही आणि तुम्हाला विसरता येणार नाही. पुस्तकविक्रीचं टेबल दाराजवळ, पंख्याखाली, उजेडात मांडा, जिन्याखालच्या कोपऱ्यात ढकलू नका.

आणि मुलाखतकार ठरवाल तेव्हा त्याचं पद, त्याचा आवाज, त्याच्या ओळखी पाहू नका. त्याची प्रत मागा. तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा नसतील, तर त्याला श्रोत्यांत बसवा आणि ज्याच्या प्रतीत खुणा सापडतील त्या सानपाडकराच्या हाती माइक द्या. तो बी. ए. नसेल, व्यासपीठावर कधी चढला नसेल, त्याचा आवाज पहिल्या प्रश्नाला कापेल. कापू द्या. दुसरा प्रश्न तो नीट विचारेल.